बाहुलीचा खोकला

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण डोक्यात तेच तेच फिरतं आणि मी घरभर फिरत राहते, म्हणून आज बसून लिहून टाकते.

तेव्हा आम्ही जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांच्या मागं राहत होतो. नवरा भट्टीवर कामाला. खोली त्याला जवळ पडायची, भाडंही कमी. पण सकाळी दार उघडलं की पाण्याच्या ड्रमच्या झाकणावर काळी बारीक पूड. वाळत घातलेल्या कपड्यांवर तीच, पोरीच्या नाकात तीच. पोरगी चार वर्षांची. थंडी पडली की तिला खोकला धरायचा आणि छातीत घरघर सुरू व्हायची. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची. ते पाहिलं की मला एका जागी बसवत नसे.

मी पुसत सुटायचे. शेजारीण हसायची, "अगं, किती पुसते? फरशी झिजून जमीन लागंल खालची." खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दार लावायचे, उकडलं की उघडायचे, कारखान्याकडून वारा आला की धावत जाऊन पुन्हा लावायचे. नवऱ्याला म्हणाले, दुसरीकडं खोली बघू. तो जेवता जेवता म्हणाला, "हा धूर बंद झाला तर माझा पगार बंद. अन् दुसरीकडं डिपॉझिट कोण भरंल, तुझा बाप?" मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. माझी बोलायची हिंमतच होत नसे.

नातीचा खोकला ऐकून सासूबाई मंठ्याकडच्या गावाहून आल्या. आल्या आल्या शेगडी पेटवली. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची टरफलं टाकली, पोरीला वर धरलं आणि अंगावरून पदर घेतला. बाळपणापासून तिला आम्ही अशीच धुरी देत आलो. माझ्या आईनंही मला दिली. सासूबाई नसल्या तर संध्याकाळी मी द्यायचे. खिडक्या बंद, फटींत चिंध्या आणि आत शेगडी. वाटायचं, वाईट ते बाहेर ठेवलं आणि आत औषध दिलं.

एकदा घरघर फार वाढली म्हणून पोरीला दवाखान्यात नेलं, तिथं मशीननं वाफ दिली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात धूर होतो का?" मी मान हलवली, नाही. गॅस होता आमच्याकडं. धुरी माझ्या ध्यानातसुद्धा आली नाही.

मग एका दुपारी मी शेंगा फोडत होते. पोरगी कोपऱ्यात खेळत होती. वाटीत शेंगांची टरफलं, त्यावर चिंधीची बाहुली पालथी धरलेली, आणि ही स्वतःच खोटं खोटं खोकत होती. खोकायची, थांबायची, बाहुलीची पाठ थोपटायची.

"काय करू राह्यली गं?"

"बाळाला धुरी देऊ राह्यले."

"मंग तू काहून खोकते?"

मला एवढंही कळत नाही, अशा नजरेनं तिनं पाहिलं. "धुरीत खोकावंच लागतं. बाळाला येत न्हाई, म्हणून मी खोकते."

हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मी उठले, खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या, पुन्हा कोंबल्या, पुन्हा काढल्या. काय करावं ते सुचेना. संध्याकाळी सासूबाईंनी शेगडी पेटवली तेव्हा मी तांब्याभर पाणी तिच्यात ओतलं. चर्र झालं, राख उडाली.

"माझी सगळी लेकरं ह्याच धुरीवर वाढली. तू लई शाणी झाली का?"

"आत्याबाई, ती बाहुलीसाठी खोकते," मी म्हणाले. तेवढंच निघालं, तेही रडत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सासूबाई गावी निघून गेल्या.

मी पुन्हा दवाखान्यात गेले आणि खाली बघून खरं सांगितलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "धुरी बंद, मच्छर अगरबत्ती बंद. अन् जमलं तर कारखान्यापासून लांब राहा." पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातातल्या होत्या. त्या केल्या. घरघर कमी झाली, पण जाईना.

महिना व्हायच्या आत सासूबाई परत आल्या. बसायच्या आधी कनवटीची पिशवी सोडली. "शेळ्या विकल्या. डिपॉझिटला घ्या. पण उसने हां, फुकट बिलकुल न्हाई. मला माझ्या शेळ्या परत पाह्यजेत." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गावी मी बी पदर घेऊन शेगडीवर तोंड धरलं. म्हातारीला सोसंना, मंग लेकराचं काय."

आम्ही मंठा रोडच्या बाजूला खोली घेतली. नवऱ्याला सायकल लांब मारावी लागते. "तुमच्या हवेपायी माझं गुडघं गेलं," म्हणतो. घरी आल्यावर त्यानं अंघोळ केल्याशिवाय मी पोरीला त्याच्याजवळ जाऊ देत नाही. मोरीत काळं पाणी वाहतं. ते बघत मी उभी राहते. पोरीला लांब आणलं, त्याला कुठं नेऊ? तो दिवसभर तिथंच श्वास घेतो. हे त्याला अजून बोलले नाही.

इथं गच्चीवर वाळवण पांढरं राहतं. जुन्या खोलीवर शेवया वाळत घातल्या की त्यात काळे कण दिसायचे, कुणी घेतल्या नसत्या. इथल्या बायकांना शेवया, पापड करून दिले आणि थोडे थोडे करून सासूबाईंचे पैसे देत गेले. पोरीला थंडीत अजून खोकला होतो. पण मशीनवर न्यावं लागलं नाही या वर्षी. तरी ती झोपली की मी दोनदा उठते. आवाज आला तरी उठते, नाही आला तरी उठते.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या तेव्हा उरलेले पैसे त्यांच्या पदरात ठेवले. अंगठ्याला थुंकी लावून त्या मोजू लागल्या. पोरगी गच्चीवर पळत गेली आणि "आज्जी, आता शेळी आणशील?" असं ओरडत पळतच खाली आली. मी सवयीनं तिच्या छातीकडं कान दिला. पाहते तर सासूबाईंचीही बोटं मधेच थांबली होती. त्याही ऐकत होत्या.

मग त्यांनी राहिलेल्या नोटा मोजल्या आणि पिशवी कनवटीला खोचली.

"बराबर," म्हणाल्या. "सगळे फिटले."