इनेसच्या जागी पान्यांग

पान्यांगला गाता येत नाही. हे मी तिच्या माघारी म्हणत नाही, ती स्वतःच सांगते. देवळात सगळे गात असतात तेव्हा ती ओठ मिटून उभी असते, आणि तिच्या शेजारी उभी राहून मी देवाला मनातल्या मनात सांगते, हिचंही माझ्यातच धर.

ती चीजवाली. तळ्याकाठच्या आमच्या गावात म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज करणाऱ्या बायका आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. पहाटे दूध तापवायचं, नारळाच्या सिरक्याने फाडायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं आणि केळीच्या पानात बांधायचं. नवऱ्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिने चीज बांधलं होतं. बायका म्हणाल्या, हिला काळीज आहे की धोंडा? ती म्हणाली, "दूध आलं होतं. ठेवलं असतं तर नासलं असतं." तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते मला कधीच कळलं नाही. तिच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणजे पान्यांग आणि मी एकमेकींच्या कुमारे. इतकं जवळचं नातं असून कळलं नाही.

मुलीचं नाव इनेस. सहा वर्षांची असताना तिच्या घशात पडदा धरला. श्वास शिट्टीसारखा वाजायचा. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. तेव्हा पान्यांग आमच्या अंगणातल्या क्रुसापुढे बसली आणि नवस बोलली, की पोर वाचली तर पवित्र मारिया क्रुसाखाली उभी राहते तो भाग दर वर्षी हिच्या गळ्याने गाववीन. मी शेजारीच होते. गळा जातोय त्याच पोरीचा गळा देवाला देऊ केला, याचं मला तेव्हा नवल वाटलं नव्हतं. पोर वाचली.

पाबासा आमच्याच अंगणात होतो, सासूबाईंच्याही आधीपासून. पवित्र सोमवारी नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालायचा, क्रुसाला काळं कापड लावायचं, आणि शुक्रवार दुपारपर्यंत येशूच्या दुःखभोगाचं पारायण गात राहायचं. दोन बाकं समोरासमोर. एका बाकाने एक कडवं म्हणायचं, दुसऱ्याने पुढचं. पान्यांग तेवढे दिवस मागच्या चुलीपाशी असते. आल्याचा चहा, नारळाच्या दुधातल्या तांदळाच्या गोळ्या, बिस्किटं, सगळं तिच्याकडे. आणि शुक्रवारी सकाळी मारियेचा भाग आला की इनेस उठून डाव्या बाकाच्या टोकाला बसायची आणि एकटी गायची. आमच्या गावाची चाल आहे ती, बाहेर कुठे ऐकायला मिळत नाही. पोरगी शिकली ती तिथेच. पुढे जत्रेतल्या स्पर्धेत मनिलाच्या एका कंपनीच्या माणसाने तिला ऐकलं आणि घेऊन गेला.

पाच मुलींचा गट केला त्यांनी. तीन वर्षं पाची जणी एकसारखे केस करून नाचल्या. मग गट मोडला. एक दुबईला हॉटेलात लागली, एक मोबाइलवरून लिपस्टिक विकते, दोघींचं काही कळत नाही. एकट्या इनेसला कंपनीने स्वतःचा आल्बम देऊ केला. पहिला, तिच्या एकटीच्या नावाचा. तो ईस्टरनंतर निघणार होता.

झावळ्यांच्या रविवारी तिचा फोन आला. पान्यांगचे हात मिठाच्या पाण्यात होते, म्हणून फोन मी तिच्यापुढे धरला होता.

"नानाय," तिने आईला हाक मारली, "मी शुक्रवारी येते. पण गाणार नाही."

"घसा बसलाय?"

"करार आहे. आल्बम निघेपर्यंत माझा आवाज कुठेही ऐकू येता कामा नये. एक ओळसुद्धा नाही. कोणी मोबाइलवर घेतलं की संपलं."

"देवाबरोबरचा करार आधीचा आहे."

"देव कोर्टात जात नाही, नानाय."

पान्यांगने चीज पानावर घेतलं. इनेस घाईघाईने मला म्हणाली, "त्यांनी थांबवला तर मला दुसरा मिळणार नाही. निनांग, तुम्ही तरी सांगा ना तिला. बाकीच्या चौघींचं काय झालं बघितलंत ना?"

मी काय सांगणार? फोन ठेवला. पान्यांग पान दुमडत म्हणाली, "एक वर्ष चुकलं तर देव काय परत घेईल का गं तिला?"

"असं बोलू नये."

"बोलत नाहीये. विचारतेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही फादरांकडे गेलो. ते तरुण आहेत, सगळ्यांना वेळ देतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवस बोललं कोण?"

"मी."

"मग बांधलेली तू. दुसऱ्याच्या गळ्याचा नवस बोलता येत नाही, पान्यांग. मुलगी आजवर गायली ते तिने तुझ्यासाठी केलं. तिच्यावर त्याचं ओझं नाही."

"मग माझ्यावर आहे."

"तुझं मी बदलून देऊ शकतो. शुक्रवारी गरिबांना चीज वाट, झालं."

"चीज मी रोजच करते, फादर. त्यात माझं काय जातं?"

"मग तूच गा." फादर हसले. त्यांनीही तिचा गळा ऐकलेला होता, एकदाच, एका बारशाला. पान्यांग हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि येताना बाजारातून आलं घेतलं.

ती गाईल असं मला वाटलं नाही. मला वाटलं, ती इनेसला आयत्या वेळी डोळ्यांनी सांगेल आणि पोरगी गाईल.

शुक्रवारी सकाळी काळ्या काचांची गाडी आली. इनेस उतरली, माझा हात कपाळाला लावला, आईचा लावला. बारीक झाली होती. बरोबर कंपनीची बाई होती, मिस रोवी, पांढरे बूट घातलेली. तिने मांडवभर फिरून गोड शब्दांत सगळ्यांना मोबाइल पिशवीत ठेवायला लावले. लोला इस्का, म्हणजे इस्काआजी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, तिच्याकडे मोबाइल नाहीच, तरी तिने पिशवी उघडून दाखवली. "बघून घे बाई. जपमाळ आणि तपकीर. आणि पोरीच्या गळ्याला कुलूप लावलंत, त्याची किल्ली कुणाकडे असते? तुझ्याकडे?"

"लोला, फक्त थोडे दिवस," मिस रोवी म्हणाली.

"येशूलाही तेच सांगितलं असेल, थोडाच वेळ," लोला इस्का म्हणाली आणि तपकीर ओढली.

इनेस मागच्या पायरीवर येऊन बसली. मी चहा दिला. ती म्हणाली, "निनांग, एकेक ओळ वीस-वीसदा गाऊन घेतात. मग इथला अर्धा शब्द, तिथला श्वास, असं जोडतात. ऐकलं तर मीच वाटते. पण ती अख्खी ओळ मी कधी गायलेलीच नसते."

"वाईट वाटतं?"

तिने जरा विचार केला. "नाही. काहीच वाटत नाही. दात काढल्यावर गाल असतो ना, तसं."

तेवढ्यात पुढून कडवं संपलं. मारियेचा भाग आला. उजवं बाक थांबलं, डावं बाक थांबलं. टोकाची जागा रिकामी. इनेस उठली आणि खांबाला धरून उभी राहिली. मिस रोवी तिच्याकडे बघत होती, सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. मीही बघत होते. पोरीने मान खाली घातली.

पान्यांगने परकराला हात पुसले आणि त्या जागेवर जाऊन बसली.

तिने सुरुवात केली ती फार खाली. मग एकदम फार वर गेली, परत आलीच नाही. चाल कुठेच सापडत नव्हती. मागे पोरं खिदळायला लागली. कोणाची तरी आई त्यांच्या पाठीत धपाटे घालत होती आणि स्वतःही हसत होती. उजव्या बाकावरच्या बायकांनी पुस्तकात तोंडं घातली. पान्यांगने एकही कडवं गाळलं नाही. अक्षर दिसेना तेव्हा थांबली, पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. मग इनेस जाऊन तिच्या शेजारी बसली आणि ओळीवर बोट ठेवत गेली. ओठ घट्ट मिटलेले, बोट तेवढं चालत होतं. संपल्यावर पान्यांग उठली आणि चुलीपाशी गेली, कारण चहा उतू चालला होता. कोणी रडलं नाही. मी वाट बघत होते, पण मलाही रडू आलं नाही.

इनेसने दोन वाट्या गोळ्या खाल्ल्या आणि गाडी गेली.

ईस्टरनंतर आल्बम निघाला. त्याला चार वेगवेगळी मुखपृष्ठं होती आणि आत इनेसची चित्रं. कोणतं चित्र येईल ते फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून पोरी तोच आल्बम चार-चारदा घेत होत्या. मनिलाच्या मोठ्या रस्त्यावर तिच्या चाहत्यांनी वर्गणी काढून तिचा इमारतीएवढा फोटो लावला. कंपनीने पान्यांगला खोकाभर आल्बम पाठवले. तिच्याकडे वाजवायला यंत्र नाही. तिने एक घेतला आणि प्लास्टिक न काढता बाळयेशूच्या मूर्तीशेजारी उभा केला.

"देवाजवळ ठेवलास?" मी विचारलं.

"मग कुठे ठेवू? कपाटाला वाळवी लागलीय."

शेवटी माझ्या नातीने मोबाइलवर लावून दिला. सहावं गाणं सुरू झालं आणि मी हातातलं सोडून बसले. आमची चाल. शब्द कुणा सोडून गेलेल्या मुलाबद्दलचे होते, खाली ढोल होते, पण चाल आमचीच, मारियेची. कंपनीने विचारलं होतं म्हणे, घरचं काही आहे का तुझ्याकडे, आणि पोरीने गुणगुणून दाखवलं होतं. मी पान्यांगकडे पाहिलं. तिने गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"छान आहे," म्हणाली. "दूध उतरवते."

ते गाणं वर्षभर वाजलं. जीपमध्ये, सलूनमध्ये, लग्नात. आमच्या गावातली पोरं मांडवातली चाल विसरली आणि त्या गाण्यातली म्हणायला लागली, मध्येच ती उसासा टाकते त्या उसाशासकट.

पुढच्या पवित्र सप्ताहाआधी कंपनीचाच फोन आला. यंदा इनेसने गायलं तर चालेल. नुसतं चालेल असं नाही, त्यांना ते चित्रित करायचं होतं. दुसऱ्या आल्बमच्या आधी लोकांना दाखवायला, ती कुठून आली ते. मी म्हटलं, पान्यांगला विचारा. पान्यांग म्हणाली, "येऊ दे की. मांडव सगळ्यांना उघडा असतो."

शुक्रवारी तीच मिस रोवी आली, बूट तेच, बरोबर कॅमेरेवाले. यंदा ती सगळ्यांना मोबाइल बाहेर काढा म्हणत होती. लोला इस्काने पुन्हा पिशवी उघडून दाखवली. इनेस पांढऱ्या साध्या झग्यात, तोंडाला रंग लावला आहे हे कळू नये असा रंग लावलेला. मांडव भरून रस्त्यापर्यंत माणसं. मारियेचा भाग आला तेव्हा कॅमेरा डाव्या बाकाच्या टोकाकडे वळला.

तिथे पान्यांग बसलेली होती. डोळ्यांवर चष्मा. तो यंदा नवीन घेतला होता.

मिस रोवी वाकून हळूच म्हणाली, "नानाय, इनेस गाणार आहे ना?"

"नवस माझा आहे. फादरांना विचार."

"पण लोक तिच्यासाठी आलेत."

"मग ऐकतील ते तिला. ती सगळीकडे वाजते."

मिस रोवीने इनेसकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं, मागच्या वर्षीसारखंच. इनेस आईकडे बघत होती. तिने एक शब्द काढला असता तर पान्यांग उठली असती, एवढं मी आता सांगू शकते. पोरीने शब्द काढला नाही. आईचा चष्मा वाकडा बसला होता, तो पुढे होऊन सरळ केला आणि मागे निघून गेली.

पान्यांगने सुरुवात केली, पुन्हा फार खाली. मागून एक पोरगा ओरडला, "लोला, चाल चुकतेय, आल्बममध्ये असं नाहीये!" सगळा मांडव हसला. पान्यांगने थांबून त्याच्याकडे पाहिलं, ओळीवर परत बोट ठेवलं आणि पुढे गेली. थोड्या वेळाने कॅमेरेवाल्यांनी कॅमेरा खाली केला. रस्त्यावरची माणसं पांगली. बाकावरच्या आम्ही तेवढ्या राहिलो.

मी चहाचं बघायला मागे गेले. इनेस चुलीपाशी उभी होती, पांढऱ्या झग्यावर आईचा जुना परकर गुंडाळलेला, आणि पेले भरत होती. वाफेने तोंडावरचा रंग ओघळला होता.

"पुढे नेऊन द्या, निनांग," ती म्हणाली. "नानायला आधी."

मी नेला. दोन कडव्यांच्या मध्ये पान्यांगने घोट घेतला.

"आलं जास्त झालंय," ती म्हणाली, आणि पेला संपवला.