आजीला ‘वू’

समजा, तुमची सख्खी नात आठ वर्षांची आहे आणि तिला तुमची भाषा येत नाही, तुम्हाला तिची. रविवारी दुपारी ती व्हिडिओ कॉलवर दिसणार. काय बोलाल? हसाल, हात हलवाल. मग?

काजमावशींनी एवढ्यासाठीच साठीला टेकल्यावर फ्रेंचचा वर्ग लावला. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या शर्टांना काजं करतात, म्हणून हे नाव. लेक परदेशी शिकायला गेली, तिथलाच नवरा केला आणि दोन वर्षांमागे आजारात गेली. ती होती तोवर आजी-नातीच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायची. आता मध्ये कोणी नाही.

वर्गात बाई रोजच्या जगण्यावरून शिकवायच्या. मी उठते, तू उठतेस, ती चहा पिते. सर्वनाम बदललं की क्रियापदाचं शेपूट बदलायचं. मावशी मशीनवर बसूनही फ्रेंचमध्ये पुटपुटायच्या आणि लगेच मराठीत अर्थ लावायच्या, “मी कापते, तू कापतेस...”

“मावशी, सकाळपासून कुणाला कापताय एवढं?” शेजारच्या मशीनवरची बाई विचारायची.

‘तू’ला फ्रेंचमध्ये ‘त्यू’. “ओठ शिट्टी मारल्यासारखे करा,” बाई म्हणाल्या.

“या वयात शिट्ट्या मारायला लावा मला!” मावशी हसल्या, पण खूश झाल्या. “हे तर आपलंच की हो!”

‘तुम्ही’ला ‘वू’. परक्या, मोठ्या माणसांना.

पुढच्या रविवारी मावशींनी धीर करून विचारलं, तू काय खातेस? तू शाळेत जातेस? नातीला चक्क कळलं. तिने उत्तर दिलं आणि उलट विचारलं. तुम्ही कुठे राहता? पहिलाच शब्द मावशींनी बरोबर ओळखला. ‘वू’.

वर्गात आल्या त्या तोंड पाडूनच. बाईंनी समजूत घातली, “लहान आहे. मान ठेवते तुमचा.”

“मान कसला? आजीला कुणी अहो-जाहो करतं? तिची आई मला ‘ए आई’ म्हणायची. खरं सांगा, त्यांच्यात आजीला ‘वू’ म्हणतात?”

बाई फळा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाही. ‘त्यू’च म्हणतात.”

त्या दिवशी बाईंनी त्यांना एक जास्तीचं वाक्य दिलं. ‘मला त्यू म्हण.’ मावशींनी ते आठवडाभर घोकलं आणि रविवारी एका दमात म्हणून टाकलं. नातीने ऐकलं. पडद्याबाहेर बसलेल्या बापाकडे पाहिलं. मग शहाण्यासारखी मान डोलावली.

“वी, मादाम.” हो, बाईसाहेब.

पुढच्या वर्गाचा विषय होता बाजार. सगळे एकमेकांना भाजीचे भाव विचारत होते. मावशींनी हात वर केला.

“बाई, ‘मी तुझी कोण लागते?’ हे कसं विचारतात?”