वाकळेचं पोट

मी निपाणीच्या मराठी शाळेत मास्तर होतो. एका पावसाळ्यात सायकल घसरून नडगीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं. बायको पहिल्या बाळंतपणाला शहापूरला माहेरी गेली होती. घरात मी आणि माझी थोरली विधवा बहीण, आक्का.

पहिले काही दिवस वाचण्यात गेले. मग वाचायला काही उरलं नाही. आक्का सोप्यात बसून येणाऱ्या बाळासाठी वाकळ शिवत होती. खाली माझं जुनं धोतर, मध्ये चिंध्या, वर तिचं विरलेलं इरकली लुगडं. आजवर अशा वाकळा पांघरूनच झोपलो, पण त्या शिवतात कशा हे कधी पाहिलं नव्हतं. चिंध्या आत सरकत कशा नाहीत, असं मी विचारलं. तिनं दुसरी सुई ओवून माझ्या हातात दिली.

वाकळ लहान, मांडीवर मावणारी. कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं, एवढंच काम. मी पेन्सिलीनं रेघ आखून टाके घातले. रेघ सरळ आली, पण कापड मध्येच पुरीसारखं फुगलं. आक्कानं सगळं उसवायला लावलं. दोरा ओढताना तळहातानं कापड कडेकडे सारत राहायचं, हे मग तिनं हात धरून दाखवलं. बोटांना भोकं पडली. तरी दुसऱ्या दिवशी ती आधी सुई घेते की मी, अशी चढाओढ सुरू झाली.

तब्येत विचारायला तंबाखूचे एक व्यापारी आले. मास्तर शिवताहेत हे बघून त्यांना हसू आवरेना. चहा पिता पिता मात्र ते उसवलेल्या कोपऱ्यातून आतल्या चिंध्या चाचपत बसले.

शेवटी मधोमध, लुगड्याचे दोन तुकडे जोडायचे तिथं, मूठभर जागा उरली. आक्का उठून चुलीपाशी गेली आणि भाकरीचा एक वाळका तुकडा घेऊन आली.

"ह्यो आत घाल आन् मग शीव," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"वाकळंचं पोट रिकामं ठेवू न्हाई. आई असंच करायची."

आई का करायची, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. मुंग्या लागतील म्हणून मी तुकडा कुस्करून त्यातला चिमूटभरच आत घातला. पण माझा प्रश्न आक्काच्याही मनात राहिला असावा. संध्याकाळी ती शेजारच्या कन्नड बाईंकडे गेली. त्या वाकळेला कौदी म्हणत. त्यांच्याकडे आत तांदळाचे दाणे घालतात असं कळलं. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग आक्का पाणवठ्यावर, देवळात, भेटेल तिला विचारू लागली. कुणी पुरणपोळीचा तुकडा घालत, कुणी काहीच नाही. जे कळेल ते घरी येऊन मला सांगायची.

कामट्या सुटल्यावर मी काठी टेकत मोटारीनं शहापूरला गेलो. मुलगी झाली होती. सासूबाईंनी वाकळ उलटसुलट करून पाहिली आणि हे वाकडे टाके कुणाचे म्हणून विचारलं. माझे, असं मी म्हणालो. त्यांनी मुलीला त्या वाकळेत गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं.