पाण्याआधी कोयता

पाणी ओतण्याआधी मी कोयता लपवला. त्या सकाळी माझ्या हातून जे घडले त्यात दिसायला हे सर्वांत लहान कृत्य, पण पुढे मला जाळत राहिले ते हेच. माझे थोरले चुलतभाऊ शेतातल्या खोपीच्या दारात गडबडा लोळत होते. दोन्ही तळव्यांनी डोळे चोळत होते, आणि त्यांच्या घशातून निघणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. भरलेली कळशी माझ्या हाताशी होती. मी मात्र जमिनीवरचा कोयता उचलला, खोपीमागच्या शेणखताच्या ढिगात खुपसला आणि मगच कळशीकडे वळलो.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. जोयड्याच्या जंगलात, कुंभारवाड्याकडच्या आमच्या वाडीत त्यांचे शेत आणि माझे शेत एका बांधाने जोडलेले. भात दुधात आले की जंगलातून गवे उतरतात. म्हणून दोघांनी मिळून कुंपणाला झटक्याची तार लावली होती. तारेचे यंत्र बॅटरीवर चालते. झाडांच्या सावलीत सौर पाटीला पुरेसे ऊन मिळत नसे, त्यामुळे आम्ही पाळीपाळीने बॅटरी घरी नेऊन विजेवर भरून आणत असू.

त्या तारेला वाडीत सगळे घाबरत, बॅटरीला कोणीच नाही. तार झटका देते. बॅटरीच्या टोकांवर बोट ठेवले तरी काही जाणवत नाही. म्हणून ती निरुपद्रवी, असा सर्वांचा समज होता. वस्तुस्थिती उलटी आहे. तारेतला झटका जोरकस असला तरी क्षणभराचा आणि अगदी थोड्या विजेचा असतो. बॅटरीच्या पोटात मात्र साठा असतो. तिच्या दोन टोकांमध्ये नुसते लोखंड आडवे पडले, की त्या साठ्याला अडवणारे काही उरत नाही. सगळी वीज एकदम धावते, लोखंड लाल होते, ठिणग्या उडतात. शिवाय नुकत्याच भरलेल्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो, आणि आत गंधकाचे आम्ल असते. मी दांडेलीत वायरमनचे शिक्षण घेतले होते. हे सर्व मला ठाऊक होते. अज्ञानाचा आडोसा मला कधीच मिळाला नाही.

तरीही वाडीत बॅटरी तपासण्याची एक रीत होती, आणि तिला मीही हातभार लावला होता. आमच्याकडचा पुरुष कमरेच्या आकडीत, पाठीमागे, कोयता अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. बॅटरी भरली की नाही हे पाहायचे, तर तो कोयता काढायचा आणि दोन्ही टोकांना निमिषभर टेकवायचा. मोठी ठिणगी म्हणजे भरलेली. मी ते इतरांपेक्षा सफाईने करीत असे, आणि लोक पाहत तेव्हा मला बरे वाटत असे.

त्या दिवशी पाळी माझी होती. बॅटरी रात्रभर भरून पहाटे मी ती खोपीत आणली होती. खोप लहान आणि झावळ्यांनी गच्च बंद केलेली. इतक्यात अण्णा बांधावरून आले. गवे रात्री त्यांच्या शेतात शिरले होते. त्यांनी चिखलात तुडवलेल्या भाताची मूठ माझ्या छातीवर फेकली.

"काय रं, हीच का तुझी वायरमनकी? तुझ्या तारंला मांजर बी भीत न्हाई. बॅटरी रिकामीच लावत असशील."

"बॅटरी काल लावलीच न्हवती अण्णा. भरायला घरी हुती."

"मग बायकोच्या उशाला ठेवलीस व्हय? आन् आज तरी भरलीय कशावरून? थांब, मीच बघतो."

त्यांनी माझा खांदा ढकलून मला झावळ्यांवर आदळले. मग ते बॅटरीशी उकिडवे बसले आणि आतले पाणी बघायला झाकणावर तोंड नेले. माझ्या डोक्यात रक्त चढले होते. त्यांनी दचकून मागे पडावे, एवढेच मला हवे होते, असे मी नंतर स्वतःला हजारदा सांगितले. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी त्यांना काहीतरी लागावे असेच मला वाटत होते. मी माझ्या आकडीतला कोयता ओढला आणि त्यांच्या डोक्यामागून हात लांबवून तो दोन्ही टोकांवर आडवा दाबला.

पाते चिकटले. ते सुटेना म्हणून मी हिसका दिला, आणि बॅटरी फुटली. बंद जागेत बंदूक उडावी तसा आवाज झाला. काळ्या प्लास्टिकचे तुकडे झावळ्यांतून आरपार गेले. एक तुकडा अण्णांच्या गालात रुतला. आम्ल थेट त्यांच्या तोंडावर उडाले. ते धडपडत दाराबाहेर पडले. गालावरची कातडी माझ्या देखत पांढरी पडत गेली. माझ्या तळव्यावर पात्याची लाल रेघ उमटली होती, आणि मला तेवढीच इजा झाली होती.

पुढचे मी आरंभीच सांगितले आहे.

ओरडा ऐकून वहिनी धावत आल्या तेव्हा मी अण्णांच्या डोळ्यांवर पाणी ओतत होतो. त्यांनी काय झाले विचारले. माझ्या तोंडून उत्तर असे बाहेर पडले, जणू ते आधीपासून तयार होते: "अण्णा वाकले, आन् पाठीचा कोयता आकडीतनं निसटून बॅटरीवर पडला." अण्णांचा कोयता त्यांच्या कमरेलाच होता, त्यावर डागसुद्धा नव्हता. कोणी पाहिले नाही. जीप मिळवून आम्ही जोयड्याला आणि तिथून बेळगावला गेलो. आम्ल डोळ्यांत जाताच पाणी घातले का, असे डॉक्टरांनी विचारले. मी हो म्हणालो. आम्लाला जितका वेळ मिळतो तितके ते आत खात जाते, असे सांगून त्यांनी उजवा डोळा गेल्याचे कळवले.

अण्णांना स्फोटाआधीचे काहीच आठवत नव्हते. माझे खोटे त्यांनी स्वतःची आठवण म्हणून स्वीकारले. त्यांनी कोयता बांधणे सोडले. जंगलात कामाला जाणारा माणूस बिनकोयत्याचा निघाला की वाडी हसते, वाडी हसली. वहिनीही संतापात म्हणत, "कोयता सांभाळता येत न्हाई, त्यो संसार काय सांभाळनार?" मी समोर बसून चहा पीत असे.

मी पुढे गणेशगुडीला एका जंगल-निवासात बॅटऱ्यांची देखभाल करू लागलो. तिथे मी अंगठी-घड्याळ उतरवतो, नट आवळायला रबर चढवलेले पाने वापरतो, टोकांवर टोप्या बसवतो, बॅटऱ्या भरण्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवतो. ही सगळी काळजी मी घेतो, आणि तिचा अण्णांना काडीचाही उपयोग नाही.

यंदा वाडीने मिळून नवे कुंपण घ्यायचे ठरवले. बॅटरी नव्या तऱ्हेची, लिथियमची. ती जोडायला मीच गेलो होतो. अण्णा सर्वांत पुढे उभे होते. त्यांनी सर्वांना सांगितले, "आधी कोयते काढा. हिकडं लांब ठेवा. माझं काय झालं ते बघा." लोक कोयते काढू लागले. वाडीतलाच एक धट्टाकट्टा गडी मात्र जागचा हलला नाही.

"आमचा कोयता आमचं ऐकतो, अण्णा. तुमच्यासारखा मालकाचाच डोळा काढत न्हाई."

हशा पिकला. अण्णांनी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्या वयात इतकी ताकद असेल असे कोणालाच वाटले नव्हते. त्याचा ओठ फाटला. त्याने अण्णांची मान धरून त्यांना बांधावर आपटले आणि छातीवर गुडघा रोवला. एकामागून एक बुक्के बसू लागले, तेही डाव्या बाजूने, जिथे त्यांचा एकच डोळा उरला होता. आम्ही चौघांनी त्याला ओढून काढले. अण्णा उठून बसले. नाकातून रक्त वाहत होते. त्यांनी डावा डोळा झाकून उघडला, दिसते का ते पाहिले. मग स्वतःच्याच कपाळावर मुठी मारू लागले.

"खरंच बोलला त्यो. माझीच चूक हाय. माझ्याच हातानं मी आंधळा झालो."

मी त्यांच्या मुठी धरल्या. त्या सोडवून घेण्यासाठी त्यांनी मला लाथ मारली. मी सोडल्या नाहीत. वहिनी, तो रक्ताळलेला गडी, सगळी वाडी ऐकत होती. माझा आवाज मुळात लहान आहे. तो मी शक्य तितका मोठा केला.

"अण्णा, तुमचा कोयता पडला न्हाई. माझा हुता. मी रागानं तुमच्या तोंडाखाली दाबला. तुम्ही वरडत हुता तवा मी आधी त्यो लपवला, मग पाणी वतलं. आन् इतकी वरसं तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचा डोळा मी घेतला अण्णा. मला माफ करा."