दादाच्या सहीची जागा

देवाकडे काही मागायची मला सवय नव्हती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथली सकाळची प्रार्थना तोंडपाठ होती, पण ती कुणाला उद्देशून आहे याचा विचार मी कधी केला नाही. बाबा गेल्यावर आई दर सोमवारी गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाला जाऊ लागली, तिच्या सोबतीला म्हणून मी जायची. ती डोळे मिटून उभी राहायची आणि मी आमच्या चपलांकडे लक्ष ठेवायची.

बाबा सालेकसा तालुक्यात आरोग्य सेवक होते. तापाच्या दिवसांत जंगलातल्या गावांमध्ये घरोघरी फिरून रक्ताचे नमुने घ्यायचे. नोकरीत असतानाच हृदयविकाराने गेले. अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकालाच नोकरी मिळते. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण त्याची दहावी राहून गेलेली. मी पदवीधर, टायपिंगही झालेलं, म्हणून आईने अर्जात माझं नाव दिलं. तेव्हा काका सगळ्यांसमोर दादाला म्हणाले, "पोरगी नोकरी घेऊन सासरी जाईन, मंग तू काय खाशीन?" दादा तिथून उठून गेला. पुढच्याच आठवड्यात तो रायपूरला लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागला आणि हळूहळू त्याचे फोन येणं थांबलं.

चार वर्षांनी प्रतीक्षायादीत माझा क्रमांक लागला. जिल्हा परिषदेत मंगळवारी कागदपत्रांची तपासणी होती. माझ्याकडे सगळे कागद होते, फक्त ही नोकरी बहिणीला द्यायला हरकत नाही, असं दादाचं संमतीपत्र नव्हतं. त्यावर त्याची सही नसेल तर पुढच्या उमेदवाराला बोलावतील, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी दादाला फोन करून तारीख सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि फोन ठेवला. कुरिअरने पाठवलेला कोरा नमुना परत आलाच नाही. शेवटी मामा म्हणाले, "सही तूच कर. पुढचं मी पाहतो." आईने मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही. दादाची सही साधी आहे, नावाची तीन अक्षरं आणि खाली एक रेघ. मी ती जुन्या वहीत गिरवत बसले. हे लिहायला आजही लाज वाटते, पण दहाव्या-अकराव्या वेळी ती अगदी त्याचीच दिसू लागली.

सोमवारी संध्याकाळी आई गाभाऱ्यात होती. मी बाहेर पायरीवर बसले होते. मांडीवर फाइल, फाइलवर नवं संमतीपत्र आणि हातात उघडलेलं पेन. घरी आईसमोर हात उचलत नव्हता, म्हणून इथेच उरकून टाकावं असं ठरवलं होतं. तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी माझ्या शेजारी येऊन टेकली.

"काय लिवून राहिली वो पोरी?"

अनोळखी माणसांशी मी बोलत नाही. ओळखीच्यांशीही फार बोलत नाही. पण त्या दिवशी कसं कोण जाणे, तीन-चार वाक्यांत मी तिला सगळं सांगून टाकलं. ती प्रसादाचे फुटाणे चघळत ऐकत होती.

"भावाची सही तूच करून टाकशीन, तं तो कायले येईन?" ती म्हणाली. मग लगेच, "आता उठव मले. हात दे ना, पाहत काय राहिली?"

तिला हात द्यायला मला पेन बंद करावं लागलं. ती गर्दीत निघून गेली आणि मी पुन्हा पेन उघडू शकले नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा चपला तशाच सोडून मी आत गेले. मागायला शब्द सुचेनात. एवढंच म्हणाले, मी सही करणार नाही, पुढचं तू पाहा. बाहेर येऊन दादाला व्हॉट्सअॅपवर माझ्या आवाजात निरोप पाठवला. मी काय करायला निघाले होते तेही त्यात सांगितलं. निरोपाखाली एकच टिक आली. आईला कळलं तेव्हा ती रिक्षातच कडाडली, "नोकरी गेली तं तुझा महादेव पगार देईन काय?" इतके सोमवार करणारी माझी आई! मला रडू आलं आणि भीतीही वाटली.

मंगळवारी सकाळपासून आम्ही जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात बसलो होतो. लिपिक दोनदा येऊन विचारून गेला, "भाई नहीं आया क्या मॅडम? राखीलाही असाच लपते का?" बाकावरची माणसं हसली. यादीत माझ्यानंतरचा मुलगाही फाइल घेऊन समोरच बसला होता. त्याची आईसुद्धा हात जोडूनच बसली होती. तिच्याकडे पाहवेना. चार वाजून गेले तरी माझा निरोप एका टिकवरच होता. पाच वाजता कामकाज संपणार होतं.

साडेचारच्या सुमारास जिन्यावर दादा दिसला. कामाचाच शर्ट, बाही काळी झालेली.

"मालगाड्यांनी आमच्या गाडीचे दोन तास खाल्ले," तो म्हणाला.

"माझा निरोप ऐकलास?"

"कोणता? मोबाइल तं परवाच फुटला." मग म्हणाला, "काल संध्याकाळपासून जीवच लागून नाही राहिला कामात. आलो निघून." त्याने माझ्या हातातून कागद घेतला. "चार वर्षांत मले कोणी विचारलं नाही. कागदच पाठवून राहिले."

आई तोंडाला पदर लावून उभी होती. दादाने साहेबांसमोर सही केली, रेघ नेहमीपेक्षा लांब ओढली, आणि मला म्हणाला, "आता रडून कायले राहिली? बाबाची जागा मिळाली ना?"

तो आदल्या संध्याकाळी का अस्वस्थ झाला हे मी त्याला कधी विचारलं नाही. ती म्हातारी कोण होती याचाही शोध घेतला नाही. हिशेब लावायला गेलं तर सगळ्याला काही ना काही कारण सापडेल. मला एवढंच उमगलं की देवावर सोपवणं म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं नाही. जे आपलं नाही ते आपल्या हाताने करून टाकायचा मोह आवरायचा आणि समोरच्याला येण्यासाठी वाट मोकळी ठेवायची. ते बळ मला ज्या कुणी दिलं, त्याचे आभार कसे मानावे ते अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी गोंदिया स्टेशनवर दादाला सोडायला गेले होते. गाडी हलली तेव्हा माझे हात आपोआप जुळले. त्याला वाटलं, त्यालाच नमस्कार केला. दारातून ओरडला, "येडी! मी काय देव होय?"

मी हात खाली घेतले नाहीत.