मामांचे तीन पांढरे शर्ट

आमच्या गाडीत दोन गोष्टी कधी कमी पडत नाहीत, लाल धूळ आणि किस्से. धूळ निदान झटकता तरी येते. किस्से साठतच जातात, आणि बहुतेक सगळे शर्टाचेच!

गाडी म्हणजे एका संस्थेचा फिरता दवाखाना. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चार-चार दिवस फिरायचं, मुक्काम मिळेल तिथे. माणसं तीन. सिस्टर, रक्त तपासणारा मी आणि वयाने मोठे ड्रायव्हर काशिनाथमामा. वर्षाला प्रत्येकी तीन शर्ट. पांढरे! या मातीत पांढरे! हे ज्याला सुचलं त्याला मला एकदा भेटायचंय.

त्यात ठाण्याहून नवे साहेब आले. त्यांचा नियम असा, की रोज सकाळी साडेआठला फोटो ग्रुपवर पडलाच पाहिजे. शर्ट स्वच्छ, इस्त्रीचा. फील्डवर जो असेल तो फोटोत, अगदी साहेब स्वतः आले तरी. डाग दिसला की रिमार्क. तीन रिमार्क झाले की पुढचा करार नाही. मामांच्या दोन मुली शिकतायत, आणि या वयात त्यांच्या हाती दुसरी गाडी कोण देणार?

*

मामांनी लगेच डोकं चालवलं. इस्त्रीचा शर्ट हँगरला आणि हँगर मागच्या खिडकीला, म्हणजे घडी मोडायला नको. काच चार बोटं उघडी होती, तेवढं बघायचं राहिलं.

मोखाड्याला पोचून शर्ट उतरवला आणि आम्ही तिघंही बघतच राहिलो. अर्धा पांढरा, अर्धा विटकरी, मध्ये बटणपट्टीवर सरळ रेघ! मामा शांतपणे म्हणाले, "मी एका बाजूने उभा राहतो." राहिले. साहेबांनी ग्रुपवर विचारलं, ड्रायव्हर डोंगराकडे का बघतोय?

दुसऱ्या दिवशी विसरून सरळ उभे राहिले. पहिला रिमार्क. तो शर्ट पुढे धुऊन धुऊन गुलाबी झाला, पांढरा काही झाला नाही.

*

मामांना हसलो त्याचं फळ मला मिळालं. एका ग्रामपंचायतीच्या खोलीत इस्त्री लावली तर व्होल्टेज इतकं कमी, की तिच्यावर हात ठेवला तरी कळेना. वैतागून ती शर्टावर तशीच ठेवली आणि दाढी करायला गेलो. व्होल्टेज नेमकं तेव्हाच आलं.

खिशाशेजारी इस्त्रीचा अख्खा आकार उमटला, तपकिरी, टोकासकट. सिस्टरांनी त्यावर 'रक्त तपासून घ्या'चा कागद चिकटवला. फोटोपुरता टिकला, नंतर घामाने पडला. रांगेतल्या एका आजोबांनी निरखून पाहिलं. "ही तुमची नवी निशाणी का?" मी हो म्हणून मोकळा झालो.

पुढच्या महिन्यात त्या पाड्यावर दुसरीच गाडी गेली, तर लोक रांगेला येईनात. इस्त्रीची निशाणी नाही म्हणजे खरी गाडी नव्हे, असं त्यांचं म्हणणं!

*

सिस्टर आमच्याहून हुशार. त्यांनी आपला घडीचा शर्ट लसींच्या रिकाम्या निळ्या पेटीत ठेवायला सुरुवात केली. धूळ नाही, चुरगळणं नाही.

एका सकाळी बायका पोरं कडेवर घेऊन लवकर आल्या आणि पेटीभोवती गोळा झाल्या. सिस्टरांनी झाकण उघडलं आणि गंभीर चेहऱ्याने आतून शर्ट काढला. सगळ्या बायका पुढे वाकल्या. मग एक बाई हळूच म्हणाली, "सिस्टर, हा डोस कितव्या महिन्याचा?"

*

मामांचा दुसरा शर्ट पेजेने घालवला. भाताच्या पेजेची खळ दिली की कॉलर कशी कडक उभी राहते. एका घरी त्यांनी पेज मागितली. घर नागली, म्हणजे नाचणी खाणारं, पेजही तिचीच. मामांनी अंधाऱ्या पडवीत न बघताच शर्ट बुडवला. सकाळी शर्ट कडक झाला होता यात शंका नाही. रंग मात्र भाकरीचा.

त्यात मुंग्या. साडेआठच्या फोटोत मामांचे दोन्ही हात स्वतःच्या पाठीवर. दुसरा रिमार्क.

*

आता मामांकडे एकच शर्ट उरला आणि करार संपायला दहा दिवस.

दाभोशाजवळच्या एका पाड्यावर मुक्काम होता. मामांनी शर्ट धुतला, वाळवला, घडी घालून एका रिकाम्या टोपलीच्या तळाशी ठेवला आणि टोपली वर फळीवर. धुळीचा हात पोचणार नाही अशी जागा. निर्धास्त झोपले.

पहाटे घरच्या आजीने त्याच टोपलीत भाताचा पेंढा घातला, नऊ अंडी मांडली आणि वर खुडूक कोंबडी बसवली.

मामा बनियनवर उभे. त्यांनी टोपलीकडे हात नेला. आजी म्हणाली, "कोंबडी उठवाची नाय. मागल्या बारीला उठवली तं समदी अंडी वाया गेली."

"किती दिवस, आजी?"

"एकवीस."

मामा मटकन खाली बसले. मुलींना काय सांगू, एवढंच मला हळू आवाजात म्हणाले. आणि तेवढ्यात अंगणात साहेबांची गाडी! न कळवता, थेट तपासणीला. त्यांचा पांढरा शर्ट असा कडक, की आम्ही आपोआप दोन पावलं मागे झालो.

सिस्टरांनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, एका कोंबडीसाठी करार घालवायचा का? आजी नको नको म्हणत असताना त्यांनी बाही सावरली आणि टोपलीत हात घातला.

कोंबडीने आधी मनगट फोडलं. मग उडून थेट त्यांच्या छातीवर आली आणि जाता जाता जे करायचं ते करून गेली. बाहीवर रक्त, खिशावर हिरवट पांढरं. आजीने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. अंडी चाचपली, कोंबडी धरून आणली आणि पुन्हा बसवली.

मग मामा उठले, घड्याळाकडे बघितलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, साडेआठ झाले. फोटो."

साहेबांनी एकदा मामांच्या बनियनकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या खिशाकडे. सिस्टरांच्या हातातून फोन घेतला आणि हात लांब करून फोटो स्वतःच काढला.

टेकाडावर रेंज आली तेव्हा मी ग्रुप उघडला आणि गारच पडलो. चौघांचे चेहरे, फक्त हनुवटीपर्यंत. खाली साहेबांनी लिहिलं होतं, "गणवेश उत्तम."