घानाची साखर विचारायला ट्रलीला

ब्लँचर्डस्टाउनहून आम्ही निघालो ते घानाच्या साखरेची चौकशी करायला. घाना आहे पश्चिम आफ्रिकेत आणि आमची गाडी चालली होती आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, ट्रली गावाला. हसू नका, माझ्या लेकीची नोकरी त्या साखरेवर टांगलेली होती.

शलाका, माझी धाकटी, ब्लँचर्डस्टाउनलाच एका कंपनीत उमेदवारीवर होती. कोणत्या देशात कोणता जिन्नस किती पिकतो, बाहेरून किती येतो, लोकांसाठी किती उरतो, याच्या आलेखावर रेघा काढून ती कंपनी विकते. रेघा! आमच्या कऱ्हाडकडे लोक ऊस विकतात, गूळ विकतात. रेघ विकणारे मी तिथेच पाहिले. शलाकाच्या वाट्याला घाना आला होता. साखर, मध, पाक धरून तिथे गोड किती उपलब्ध असतं, त्याची रेघ बरीच वर्षं चढत गेली होती आणि शेवटी एकदम खाली आली होती. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. साहेबाला मात्र होतं! शलाका त्याला ‘युअर मॅन’ म्हणायची (आपण ‘तो बाबा’ म्हणतो ना, तसं). या बाबाच्या खिडकीतून दुकानांचा वाहनतळ दिसायचा, तेवढंच त्याचं जग. पण ठरवून मोकळा, की घानाचे लोक तब्येतीला जपायला लागले. कारण गिऱ्हाईक होतं बिनसाखरेची गोडी विकणारं, आणि त्याला तेच ऐकायचं होतं. आता फक्त घानाच्या एका माणसाच्या तोंडचं वाक्य हवं होतं. ते आणलं की शलाका कायम. नाहीतर नमस्कार.

“आई, अकोसुआला विचारू या.”

अकोसुआ आमची ब्लँचर्डस्टाउनची जुनी शेजारीण, मूळची घानाची. आता ट्रलीच्या मोठ्या इस्पितळात नर्स होती. हा दोन हजार वीसचा ऑगस्ट. मी फेब्रुवारीत लेकीकडे आले ती विमानं बंद झाल्याने अडकलेली. चार भिंती बघून इतकी विटले होते की चंद्रावर चल म्हटलं असतं तरी पिशवी भरली असती.

रस्ता सुरेख, पण हिरवा, हिरवा आणि पुन्हा हिरवा. लोक काय त्याचं कौतुक करतात! मला तासाभरात एखादं तांबडं ढेकूळ दिसावंसं वाटायला लागलं. लिमरिक मागे पडल्यावर फोनच्या नकाशाने शहाणपणा केला आणि आम्हाला एका बोळकंडीत घातलं. पुढे गाई, मागे गाई, मध्ये आम्ही. गुराखीबुवा खिडकीशी येऊन म्हणाले, “यू आर ग्रँड” (असू दे, काही बिघडलं नाही). बिघडलं होतं, बाबा. गाडीचा आरसा गाईने चाटून काढला होता.

मुक्कामाच्या घरच्या बाईंनी मुखपट्टीआडून मला विचारलं, “भारतात न्याहारीला काय खातात?”

“पोहे,” मी ताठ मानेनं सांगितलं.

“सगळ्या भारतात का, आई?” शलाका हळूच म्हणाली.

“शहाण्यांच्या घरी पोहेच.”

दुसऱ्या दिवशी अकोसुआने अंगणात एकमेकींपासून लांब लांब खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्यासाठी बिनमांसाचा जोलोफ (टोमॅटोतला तिखट भात), तळलेली पिकली केळी आणि सोबोलो. सोबोलो म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. अंबाडी आम्ही भाजीत घालून गप्प बसतो, या बायका तिचं सोनं करतात.

“मम्मी, बारीक झालात. ही मुलगी जेवायला घालते की नुसते आकडे वाढते?” अकोसुआ इंग्रजीत बोलायची. मला अडलं की शलाका सांगायची.

जेवण झाल्यावर शलाकाने फोन पुढे ठेवून प्रश्न विचारला.

“आमच्या घरी कमी झाली बाई साखर,” अकोसुआ म्हणाली. “वडिलांना मधुमेह निघाला, तेव्हापासून आईने डबाच उचलून टाकला.”

मिळालं वाक्य! शलाकाचा चेहरा उजळला. अकोसुआने ते बरोबर पाहिलं.

“थांब. हे काय म्हणून लिहिणार?”

“घानातले लोक...”

“घानातले लोक? अगं, ते आमचं एक घर आहे! शेजारची मावशी साखरेत चहा घालते, तिला विचारलंस? मी इथे येऊन किती वर्षं झाली. बरं, तू सांग. तुमच्या महाराष्ट्रात साखर वाढली की घटली?”

शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मी सरसावले. उसाच्या ट्रॉल्या मोजत जन्म गेला, मला नाही तर कोणाला माहीत असणार?

“आमच्याकडे...” मी म्हटलं, आणि पुढे काही येईना. सून बिनसाखरेचा चहा घेते आणि भाऊ पानात चार लाडू घेतो, एवढंच ठाऊक. “माझ्या घरचं सांगू शकते,” मी म्हटलं.

“बघ! आणि या सोबोलोतली साखर ट्रलीच्या दुकानातली आहे. ती आयर्लंडच्या रेघेत घाल.”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. शलाका हसली नाही.

परतताना पेट्रोलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “आई, वाक्य खोटं नाहीये. ती बोललीच ना?”

“बोलली.”

“मग देऊ?”

खरं सांगते, मला वाटत होतं की दे बाई, एका वाक्याने घानाचं काय जातंय? पण ‘दे’ हा शब्द काही तोंडातून निघेना. मी खिडकीची काच पुसत बसले.

साहेबाबरोबरची बैठक आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरूनच, संगणकावर झाली. शिट्टी होऊ नये म्हणून मी कुकर उतरवून उभी. शलाका म्हणाली, “रेघ खाली आली आहे. का, ते माहीत नाही. आयात घटली असेल, मोजण्यात काही सुटलं असेल. विचारल्याशिवाय कारण लिहू नये.”

“ग्रँड,” युअर मॅन म्हणाला. एवढा थंड शब्द मी त्या थंड देशातही ऐकला नव्हता.

तिला कायम केलं नाही. वाक्य दुसऱ्या कोणीतरी कुठून तरी आणलं. आता ती रेघ आणि ते कारण नवरानवरीसारखे सगळीकडे मिरवत असतील, आणि विद्वान अक्षता टाकत असतील.

दिवाळीच्या तोंडावर मला विमानात जागा मिळाली. लेकीला बेकार टाकून निघताना जीव तुटला. तीच माझी समजूत काढत होती. पुढच्या वर्षी तिला जवळच्या स्वोर्ड्स गावी एका गोदामाच्या कचेरीत काम लागलं. पगार कमी, पण मोजायची ती खोकी समोर दिसतात, म्हणते.

घरी आल्यावर विलगीकरण संपलं आणि आळीतल्या बायका जमल्या. “काकू, आयर्लंडचे लोक कसे असतात हो?”

“मी दोन घरं जवळून पाहिली,” मी म्हटलं. “त्यातलं एक घानाचं.”

“एवढे महिने राहून एवढंच?”

“एवढंच.”

खट्टू झाल्या बिचाऱ्या. मग मी चहा टाकायला उठले, आणि साखर किती घालू, ते एकेकीला विचारलं.